टिटवीनं पाय खाली ठेवले तेव्हा

एका जंगलात, मुलांनो, एक टिटवी राहत होती. तिचं नाव गोजरा.

'मुलांनो' म्हटल्यावर मागच्या रांगेतले टक्कल पडलेले दोघे इकडेतिकडे बघायला लागले. तुम्हालाच म्हटलं. मांडी घालून बसा. गुडघे दुखत असतील तर भिंतीला टेका, पण गोष्ट संपेपर्यंत मोबाईल बाहेर काढायचा नाही.

तर गोजरा. नदीकाठच्या गोट्यांच्या माळावर ती आणि तिचा नवरा गेनू राहायचे. टिटव्या घरटं बांधत नाहीत. गोट्यांमध्ये जरासा खळगा करायचा, त्यात गोट्यांसारखीच दिसणारी अंडी घालायची, आणि जवळून कुणी गेलं की ओरडून सगळा माळ डोक्यावर घ्यायचा. एवढाच त्यांचा संसार.

गोजराला एक काळजी होती. तिला वाटायचं, आभाळ पडणार.

सकाळी नाही हं. सकाळी आभाळ हलकं असतं, असं तिचं म्हणणं. संध्याकाळी तर ते बिचारं थकून गप्प पडलेलं असतं. पण भर दुपारी सूर्य आभाळाच्या बरोब्बर मध्यावर येऊन बसतो. त्याच्या वजनानं आभाळ वाकतं. आणि कुणी धरलं नाही, तर पडतं.

म्हणून सूर्य डोक्यावर आला की गोजरा उताणी पडायची आणि दोन्ही पाय वर करून आभाळ धरायची. सूर्य कलला की उठायची, पाठ चोळायची आणि म्हणायची, "आजचं झालं बाई एकदाचं."

टिटवीचे पाय केवढे असतात? काडीएवढे. आणि आभाळ केवढं? ते तुम्हीच जरा मान वर करून बघा. फार दिवसांत बघितलं नसेल.

सगळ्या जंगलाला याची भारी गंमत वाटायची. जेवणं झाली की मंडळी पाणी प्यायच्या निमित्तानं माळावरून जायची. "गोजरे, डावीकडून जरा उचल गं, कललंय बघ!" असं रंगा रानडुक्कर ओरडायचा. कोल्हा दिवाणजी मान तिरकी करून म्हणायचे, "गोजरे, आमच्या बिळावरचा तुकडा तेवढा नीट धर बरं का." खुद्द वाघ महाराजसुद्धा मिशीतल्या मिशीत हसायचे. आणि मग सगळे आपापल्या सावलीला जाऊन गाढ झोपायचे.

हे गाढ झोपणं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता यात कुणाचं काय बिघडत होतं, असं तुम्ही म्हणाल. जंगलाचं काहीच नाही. पण गोजराच्या अंड्यांचं बिघडत होतं. उन्हाळ्यात माळावरचे गोटे तव्यासारखे तापतात. उघड्यावरची अंडी त्यात शिजून जातात. म्हणून टिटव्या काय करतात, एकानं अंड्यांवर उभं राहून सावली धरायची, दुसऱ्यानं नदीत पोटाची पिसं भिजवून यायचं आणि त्या ओल्या पोटानं अंडी गार करायची. मग पहिल्यानं नदीवर जायचं. हे काम दोघांचं आहे. एकट्याच्यानं होत नाही.

आणि नेमकं त्याच वेळी गोजरा आभाळ धरून पडलेली.

मागच्या उन्हाळ्यात गेनूनं एकट्यानं फार धावपळ केली. तो अंड्यांवर उभा राहिला तर पोट कोरडं, आणि पोट भिजवायला गेला तर अंडी उघडी. "अगं, निदान एका पायानं धर आणि पंखानं सावली कर!" तो ओरडला.

"एका पायानं आभाळ धरतात का कुठं?" गोजरा उताण्या उताण्याच रडत म्हणाली. "मी सोडलं तर अंडीच काय, आपण सगळेच चिरडू."

आभाळ पडलं नाही. अंडी मात्र गेली. चारही. इथे हसायचं नाही. मीसुद्धा हसत नाहीये.

या उन्हाळ्यात गोजरानं पुन्हा चार अंडी घातली.

गेनूनं मग जंगलभर हिंडून सल्ले गोळा केले. सल्ल्यांना काय तोटा! उंटावरून शेळ्या हाकणारे जंगलातही असतात, आणि तिथे तर उंटही लागत नाही. रंगा म्हणाला, "चिखलात लोळायला सांग. मला चिखलात कधी काळजी वाटत नाही." दिवाणजी म्हणाले, "तिला म्हणावं, असले विचारच मनात आणू नकोस." गेनूनं घरी येऊन तसं सांगितलं. गोजरानं सकाळभर आभाळाचा विचार न करण्याचा कसून प्रयत्न केला. त्यामुळे तिला दुसरं काही सुचेचना. एक म्हातारी घोरपड म्हणाली, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आमच्या वेळी आभाळच नव्हतं एवढं."

शेवटी कुणीतरी सरूअक्काचं नाव सांगितलं.

सरूअक्का ही वानरीण. शहराच्या कडेला एक समुपदेशन केंद्र होतं आणि त्याच्या खिडकीला लागून एक चिंचेचं झाड. अक्कानं तारुण्याची कित्येक वर्षं त्या झाडावर काढली. गेली होती चिंचांसाठी, पण खिडकी उघडी असायची. आत माणसं येऊन रडायची आणि समोरची बाई त्यांना उपदेश न करता नुसते प्रश्न विचारायची. अक्काला वाटलं, हे बरं आहे, रडणाऱ्याला शेपटीनं बडवण्यापेक्षा वेगळं आहे. या उपचाराचं खरं नाव 'संज्ञानात्मक वर्तन उपचार'. पण ते घेताना तोंडातली चिंच घशात जायची, म्हणून अक्का नुसतं 'पुराव्याची पद्धत' म्हणे.

अक्का सकाळीच माळावर आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "एवढंच ना?" असं म्हणाली नाही. त्यानंच गोजराला निम्मं बरं वाटलं.

"आभाळ पडेल असं तुला वाटतं," अक्का म्हणाली. "बरं. त्याला पुरावा काय?"

"पुरावा कशाला हवा? मला वाटतं ना!"

"वाटणं हा एक विचार झाला. तो खराही असेल, खोटाही असेल. आपण बघू." अक्कानं मूठभर गारगोट्या गोळा केल्या. "पडेल याचा पुरावा सापडला की इकडे एक गोटी. पडणार नाही याचा सापडला की तिकडे एक."

गोजरानं ताबडतोब पहिली गोटी टाकली. "मी रोज धरते, आणि ते पडत नाही. झालं सिद्ध!"

"मी रोज दुपारी शेपटी खाजवते," अक्का म्हणाली, "आणि आभाळ पडत नाही. मग धरतं कोण?"

गोजरानं बराच विचार केला. "थोडं तुम्ही, जास्त मी," ती म्हणाली.

गेनूनं कपाळावर पंख मारून घेतला. पण अक्का चिडली नाही. "आणखी?"

"गारा! दोन वर्षांमागं भर दुपारी गारा पडल्या होत्या. ते आभाळाचेच तुकडे होते, मी चाटून बघितलेत."

"त्या दुपारी तुझे पाय कुठं होते?"

"वरच की! मी कधी चुकवलंय का?"

"म्हणजे पाय वर असूनही पडल्या?"

गोजरानं गारांसाठी टाकलेली गोटी हळूच उचलून पलीकडच्या ढिगात टाकली. पाठोपाठ घाईघाईत आणखी एक टाकली. ते अंडं होतं. गेनूनं धावत जाऊन परत आणलं.

"बरं, तू या माळावर जन्मायच्या आधी आभाळ कोण धरत होतं?" अक्कानं विचारलं.

"माझी आई."

"आणि आईच्या आधी?"

"आजी. आजीचे पाय फार दणकट होते."

"आणि पलीकडच्या जंगलातलं?"

पलीकडच्या जंगलातल्या टिटव्या दुपारी सरळ उभ्या असतात, हे गोजरानं स्वतः पडल्या पडल्या पाहिलं होतं. तिला त्या आळशी वाटायच्या. तिनं एक गोटी पलीकडे टाकली आणि ती पहिल्यांदाच हसली.

"आता पटलं ना?" गेनू उतावीळपणे म्हणाला.

"डोक्याला पटलं," गोजरा म्हणाली. "पायांना नाही."

"पायांना पटवायचं तर पाय खाली ठेवूनच बघावं लागतं," अक्का म्हणाली. "एकदम नको. आज एक नख."

तर त्या दुपारी गोजरानं एक नख वाकवलं. तिचं काळीज धडधडायला लागलं. "अक्का, धडधडतंय!" ती ओरडली.

"धडधडू दे. ती छाती आहे, आभाळ नव्हे. थोडा वेळ धडधडेल आणि मग दमेल."

आणि खरंच, ती दमली. तोवर गेनू नदीवर गेला की अंड्यांवर अक्का सावली धरायची. दुसऱ्या दिवशी अख्खा पंजा वाकवला. त्यानंतर एक पाय पूर्ण खाली. एका पायावर आभाळ तोललं गेलेलं बघून गेनूला मागचा उन्हाळा आठवला आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. आणि एका दुपारी, सूर्य बरोब्बर मध्यावर असताना, गोजरा उठून दोन्ही पायांवर उभी राहिली. डोळे मात्र घट्ट मिटलेले.

"पडलं का?" तिनं विचारलं.

"तूच बघ," अक्का म्हणाली.

गोजरानं एक डोळा उघडला. मग दुसरा. आभाळ होतं तिथेच होतं. निळं, रिकामं आणि निवांत.

"मेलं जागचं हललंसुद्धा नाही!" गोजरा किंचाळली. "मग इतकी वर्षं मी काय धरत होते?" आधी तिला भयंकर राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम आलं. ती नदीकडे पळाली, पोट भिजवलं, परत आली आणि अंड्यांवर उभी राहिली. गेनू इतका रडला की त्याला पोट भिजवायला नदीपर्यंत जावंच लागलं नाही.

इथे शहाण्या माणसांची गोष्ट संपते. आपली जंगलातली आहे, म्हणून पुढे चालू.

संध्याकाळी गोजरानं सगळ्या जंगलाला ओरडून सांगितलं, "मी बरी झाले! आता मी आभाळ धरत नाही!"

रंगा पोट धरधरून हसला. "बघा, टिटवीनं आभाळ सोडलं!" आणि हसता हसता एकदम थांबला. "म्हणजे," तो म्हणाला, "आता धरतंय कोण?"

हळूहळू सगळ्यांच्या माना वर झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जंगलात कुणालाही झोप लागली नाही. आपल्याला काही वाटत नाही असं सगळेच म्हणत होते, पण झाडाखाली झोपायला कुणी तयार नव्हतं, आणि उघड्यावर झोपायला तर मुळीच नाही. वाघ महाराजांनी जांभळीखाली अंग टाकलं आणि सहज वर बघितलं. सहज बघितलं ते बघतच राहिले. तेवढ्यात त्यांच्या नाकावर एक पान पडलं. त्यांनी फोडलेली डरकाळी ऐकून नदीतले मासेसुद्धा खाली गेले.

कोल्हा दिवाणजी धावत आले.

"दिवाणजी, आभाळ कसं वाटतंय?"

"नेहमीसारखंच, महाराज."

"नेहमीसारखं म्हणजे धरलेलं असताना होतं तसं, की सोडल्यावर होतं तसं?"

दिवाणजींनी वर पाहिलं. त्यांनाही फरक कळेना. न कळल्यामुळे त्यांनाही घाम फुटला.

पुढच्या दिवशी सूर्य वर चढायच्या आत सगळा दरबार माळावर हजर झाला. गोजरा अंड्यांवर उभी होती, गेनू पोट भिजवायला गेला होता आणि सरूअक्का शेजारच्या खडकावर चिंच चोखत होती.

"गोजराबाई," दिवाणजी म्हणाले. कालपर्यंत ती 'गोजरे' होती. "राज्याला आपली गरज आहे. आपण पूर्ववत पाय वर करावेत. महाराज आपल्याला 'नभाधार' ही पदवी देतील."

"पण मी बरी झालेय," गोजरा म्हणाली.

"त्यालाच आमची हरकत आहे," वाघ महाराज गुरगुरले. "या राज्यात एक जण आजारी होता म्हणून बाकी सगळे धडधाकट होते. तू इतकी वर्षं खुशाल वेडी होतीस. आम्ही कधी अडवलं?"

सरूअक्का खडकावरून खाली आली. "महाराज, आभाळ पडेल असं वाटतं का तुम्हाला?"

"छट्! शुद्ध अंधश्रद्धा."

"मग?"

"मग काही नाही. पण धरलेलं बरं."

"हा विचार पहिल्यांदा कधी आला?"

"आम्हाला विचार येत नाहीत," महाराज ताडकन म्हणाले. "आम्ही राजे आहोत. आम्हाला काहीही झालेलं नाही. झालंय ते हिला, आणि हिनं ते नीट पार पाडावं. गोजरे, पाय वर कर! नाहीतर तुझ्या अंड्यांचं आत्ता इथे पीठ करतो." आणि त्यांनी पंजा उचलला.

सूर्य मध्यावर आला होता. गोटे भाजत होते. वर वाघाचा पंजा, खाली चार अंडी आणि मध्ये गोजरा.

मुलांनो, बऱ्या झालेल्याला जुना विचार परत येतच नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. येतो. जुन्या पाहुण्यासारखा थेट स्वयंपाकघरात येतो. गोजरालाही आला. 'हे एवढे मोठे सगळे घाबरलेत, म्हणजे खरंच पडत असेल.' तिच्या पायांना मुंग्या आल्या. एक पाय जमिनीवरून जरासा उचललाही गेला. तो तसाच हवेत ठेवून तिनं स्वतःला विचारलं, पुरावा काय? आणि पाय खाली ठेवला. घट्ट.

"महाराज," ती म्हणाली, "माझे पाय खाली आहेत आणि खालीच राहणार. तुमचा पंजा वर आहेच. तुम्हीच धरा!"

नेमकी त्याच वेळी आभाळातून एक घार गेली. तिची काळी सावली माळावरून सर्रकन सरकली.

"आलं! आलं!" रंगा किंचाळला.

आणि वाघ महाराज, जंगलाचे राजे, धाडकन उताणे पडले आणि त्यांनी चारही पाय वर केले. मग काय विचारता! रंगा पडला. दिवाणजी पडले. मुंगूस पडलं, रानमांजर पडलं, म्हातारी घोरपडसुद्धा कण्हत कण्हत पडली. सगळा माळ पायांचं रान उगवल्यासारखा दिसायला लागला. सूर्य कलेपर्यंत कुणी हललं नाही.

सूर्य कलल्यावर महाराज उठले, अंग झटकलं आणि म्हणाले, "पाहिलंत? धरलं म्हणून राहिलं."

"वा, महाराज!" दिवाणजी म्हणाले. "टिटवीच्या दोन पायांवर जे टिकत होतं, ते आपल्या चार पायांवर किती मजबूत झालं असेल!" मग त्यांनी फर्मान काढलं, की आजपासून भर दुपारी सगळ्यांनी माळावर यायचं. नखं आखडून घ्यायची, आभाळाला ओरखडे पडता कामा नयेत.

त्या उन्हाळ्यात गोजराची चारही अंडी उबून फुटली. टिटवीची पिलं अंड्यातून निघाली की लगेच पळायला लागतात, आणि उघड्या माळावर पळणारं पिलू म्हणजे कोल्ह्या-मुंगसांची मेजवानी. एरवी चारातलं एखादंच वाचतं. पण या वेळी भर दुपारी, पलीकडच्या जंगलातल्या टिटव्या पिलांना दडवत असताना, गोजराची पिलं खुशाल हुंदडत होती. एक रंगाच्या कानाशी किडे वेचायचं. एक तर महाराजांच्या अंगाच्या सावलीत डुलकी काढायचं. महाराज गुरगुरायचे, पण हलायचे नाहीत. राज्याची जबाबदारी होती ना. एकदा पिलू अगदी तोंडापाशी आलेलं बघून दिवाणजींचा एक पाय खाली आला.

"दिवाणजी!" महाराज गरजले. "तुमच्या बाजूनं वाकतंय!"

पाय पुन्हा वर गेला.

सरूअक्काला मात्र राहवेना. "गोजरे, हे काही बरं नव्हे," ती म्हणाली. "सगळे त्रासात आहेत. महाराज तर सकाळपासूनच वर बघत बसतात. चार गारगोट्या घेऊन बसले तर महिनाभरात सगळ्यांना उभं करीन." आणि तिनं गारगोट्या गोळा करायला सुरुवात केलीसुद्धा.

गोजरानं उताण्या जंगलाकडे पाहिलं. मग आपल्या पिलांकडे पाहिलं. त्यांच्या पंखांवर अजून नुसती लव होती.

"करा की, अक्का," ती म्हणाली. "नक्की करा. पण पिलं उडायला लागल्यावर."

अक्कानं पिलांकडे पाहिलं, गारगोट्या खाली ठेवल्या आणि एक चिंच सोलायला घेतली.

तेवढ्यात धाकटं पिलू पळत आलं. "आई, हे सगळे काय करतायत?"

"आभाळ धरतायत, बाळा."

"म्हणजे? ते पडणार आहे?"

याचं खरं उत्तर गोजराला पक्कं पाठ होतं. पुराव्यासकट. तिनं ते उद्यासाठी ठेवलं, वर बघितलं आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आज जरा जडच वाटतंय बाई."

सगळे पाय वीतभर आणखी वर गेले.

तात्पर्य : आपल्या मनातला भ्रम वेळीच बरा करून घ्यावा. राजाच्या मनातला बरा करण्याची घाई करू नये, आधी आपली पिलं उडू द्यावीत.